खोलीतलं मोठं माणूस

३ जुलै
हेडमास्तर स्वतः घरी आले. शहरातल्या एका कॉलेजचा इंग्लिशचा कोर्स आता आमच्या शाळेत पडद्यावर शिकवणार. बारावीची सहा मुलं. पास झाली तर पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात सरळ प्रवेश. सहांत माझी भाची आहे. तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून ती माझ्याकडे राहते. कॉलेजची अट अशी की वर्गात कोणीतरी मोठं माणूस हवं. माझं नाव सुचलं यात नवल नाही. काम काय, तर पडदा सुरू करायचा, हजेरी घ्यायची, मुलांचे निबंध कॉलेजला अपलोड करायचे. शिकवायचं अजिबात नाही, हे हेडमास्तरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. एकदा सांगून कळलं असतं. मी कॉन्व्हेंटात शिकले आहे आणि ऑफिसात साहेबांची सगळी इंग्लिश पत्रं जन्मभर मीच लिहिली आहेत.
निश्चय: तोंडातून शब्द काढायचा नाही.

७ जुलै
पहिला वर्ग. जुनी प्रयोगशाळा, बेसिनचा नळ गळका. पडद्यावरच्या प्राध्यापिका दिसायला नववीतल्या. 'हाय गाईज' म्हणाल्या. मी निषेध म्हणून खुर्ची आवाज करून सरकवली. थोड्या वेळाने त्यांचं चित्र तोंड उघडं असतानाच गोठलं. मुलांचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून नाइलाजाने उठले आणि सेमिकोलनवर बोलले. मुलं इतकी गप्प बसली, की मलाच भरून आलं. घरी येताना भाची म्हणाली, अगं आत्या, चित्र लगेच सुरू झालं होतं, बाई केव्हाच्या हात हलवत होत्या, पण आवाज तू बंद करून ठेवला होतास. या वयात मुली फार वाढवून सांगतात.
निश्चय कायम. आजचा दिवस धरायचा नाही.

२१ जुलै
पहिला निबंध, गावातल्या रस्त्यावर. सहज नजर टाकली. 'रस्ता खराब आहे. बस उशिरा येते.' इंग्लिशमध्ये, पण इतकंच! हा निबंध की तार? भाची म्हणाली, बाईंनीच सांगितलंय, साधं लिहा. मी म्हटलं, साधं लिहिणारे जगात कमी आहेत का, आपण आणखी भर कशाला घालायची? पाठवण्याआधी दोघांच्या निबंधांना जरा हात लावला. नेमके त्याच दोघांना सगळ्यांत कमी मार्क. प्राध्यापिकेला वरच्या दर्जाचं इंग्लिश झेपत नाही.

१२ ऑगस्ट
मुलं हल्ली मला काही दाखवत नाहीत. मागच्या बाकावर एक लंबू बसतो, त्याचं नाव मी जांभईबहाद्दर ठेवलं आहे. निबंध दाखव म्हटलं, तर म्हणाला, मॅडम, अजून सुचला नाही. हाताखाली दोन भरलेली पानं दिसत होती. इतका संकोच! आदरापोटी होतं असं.

९ सप्टेंबर, संध्याकाळ
शेवटचा निबंध. पास-नापास यावरच. मुलं बस पकडायला पळाली, अपलोड करायला मी एकटी. वाचले आणि काळजात चर्र झालं. जांभईबहाद्दराने घरच्या विहिरीवर लिहिलंय आणि सुरुवात काय, तर 'विहीर आटली.' बास! माझ्या भाचीचंही तेच. मग फक्त सुरुवात आणि शेवट सुधारले. आमच्या मदर सुपीरियरनी शिकवलेली सुरुवात: 'सिन्स टाइम इमेमोरियल, मॅन हॅज बीन अ पिल्ग्रिम ऑन द रोड ऑफ लाइफ.' विहीर असो, शेळी असो, कशालाही शोभतं. सहाही निबंधांना शोभलं. मुलांना सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवायचे नसतात.

१८ सप्टेंबर
कॉलेजच्या यंत्राने कॉपी पकडली म्हणे. कुठली वाक्यं ते सांगत नाहीत, पण सहाही निबंध अडवले आहेत. सिद्ध झालं तर सगळे नापास, प्रवेश रद्द. भाची जेवली नाही. माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या डोळ्यांदेखत कॉपी? चोराला सोडणार नाही. जांभईबहाद्दराला कोपऱ्यात घेतलं, कोणाचं बघून लिहिलंस? म्हणाला, मॅडम, विहीर आमचीच आहे, तीच बघून लिहिलं. उद्धट.

२० सप्टेंबर
पडद्यावर चौकशी. प्राध्यापिका आणि कोणी टकले वरिष्ठ. मुलांच्या बाजूने मी उभी राहिले. सुरुवात भारदस्त हवी, म्हणून म्हटलं, 'सिन्स टाइम इमेमोरियल, मॅन हॅज बीन अ पिल्ग्रिम...' भाचीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भारावली असणार. प्राध्यापिकेने हळूच विचारलं, मॅडम, निबंध अपलोड कोण करतं? मी म्हटलं, मीच. जसेच्या तसे? मी म्हटलं, जसेच्या तसे कसे पाठवीन, माझी काही जबाबदारी आहे की नाही? टकल्यांना खोकल्याची उबळ आली, ते पडद्याबाहेर गेले. मुलं सुटली! उद्या कॅमेऱ्यासमोर नवा निबंध लिहायचा. बचाव अर्थातच माझा. मी उद्या बाहेर बसून विश्रांती घ्यावी, असा त्यांचा आग्रह.

२१ सप्टेंबर
व्हरांड्यात विश्रांती घेतली. खिडकीतून भाचीला खुणेने सेमिकोलनची आठवण करून दिली. तिने उठून खिडकी लावली. रात्री म्हणाली, आत्या, ती वाक्यं तू घातली होतीस ना? मी म्हटलं, सुधारणेला घालणं म्हणत नाहीत. ती दिवा मालवून झोपली. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

१४ ऑक्टोबर
सगळे पास. जांभईबहाद्दर पहिला, भाची दुसरी. कोर्सची नवी तुकडी सुरू झाली, खोलीत आता शाळेच्या बसचा ड्रायव्हर बसतो. हेडमास्तरांना म्हटलं, अहो, त्याला इंग्लिशचं ओ की ठो कळत नाही. म्हणाले, हो ना, कॉलेजने अगदी तस्साच माणूस मागितलाय.

१२ जून
भाची कॉलेजला गेली. बसपाशी तिला म्हटलं, दर आठवड्याला इंग्लिशमध्ये पत्र लिहीत जा, मी तपासून परत पाठवीन. ती घाईघाईने म्हणाली, नको गं आत्या, त्यापेक्षा मी रोज फोन करीन.
एक पत्र टाळायला रोज फोन! आळशीपणाची हद्द झाली. दुपारपासून फोन उशाशी घेऊन पडले आहे.