पुढचं ठिकाण

अण्णा, मी झोपले नाही. दोन रात्री पोरीच्या अंगात ताप होता, मिठाच्या पाण्याच्या घड्या घालत बसले होते. आता दुपार झालीये, ताप उतरलाय, गाडी कंपनीच्या गेटबाहेर सावलीत लावलीये, तरी झोपत नाही, कारण मी झोपले तर ही दार उघडून खाली उतरेल आणि समोर कंटेनरचा रस्ता आहे. चार वर्षांची आहे. दाराचा खटका तिला उघडता येतो, मीच शिकवलाय. आणि गाडी घरी न्यायची तर माझा माझ्यावर भरवसा नाही. आज सकाळी चालवता चालवता माझा डोळा लागला, अण्णा. हे कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, तुम्ही ओरडणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मालाच्या चलनाच्या पाठीमागे लिहितेय. सातवीपर्यंतच शिकले, अक्षर तसंच आहे.

तुमचा तीनचाकी टेम्पो होता, माझी चारचाकी आहे, छोटी, मागे बंद पेटी. मालक मीच, ड्रायव्हर मीच, हमाल पण मीच. अर्जंट मालच जास्त करते. एखाद्या कंपनीत मशीन बंद पडलं, एक पार्ट कमी पडला, की ते मोठी गाडी भरायची वाट बघत नाहीत. मला फोन येतो. एवढासा खोका असतो, मांडीवर मावेल असा, पण त्याच्यासाठी अख्खी गाडी पळवायची. कुठे थांबायचं नाही, दुसरा माल घ्यायचा नाही. हिचा बाप गावाकडे गेला तो वर्ष झालं आलाच नाही, मग मी दुसरं काय करणार?

आज सकाळी बुकिंगवाल्याचा फोन आला. नऱ्ह्यातून खोका उचलायचा, चाकणला टाकायचा. "ताई, लाइन थांबलीये त्यांची, निघालात का?" मी म्हटलं, "निघाले." तेव्हा मी धायरीत घरी चमच्यानं औषध पाजत होते. शेजारची काकू रोज पोरीला सांभाळते, पण आज दारातूनच म्हणाली, "तापाची पोर नको गं बाई, माझा नातू तान्हा आहे." तिचंही बरोबर आहे. मग पोरीला गोधडीत गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवलं, पट्टा लावला आणि खोका उचलला. वारज्याला होते तेव्हा फोन. "कुठपर्यंत?" "वाकड सोडलं." बाणेरला होते तेव्हा परत फोन. "भोसरीत आले, दहा मिनिटं." एकदा भोसरी म्हटलं की भोसरीपर्यंत पळावंच लागतं ना, अण्णा? पाय खाली दाबला. आणि मग मला काही आठवत नाही. सरळ रस्ता होता, गरम वारा होता. एकदम पोर म्हणाली, "आई, ट्रक."

डोळे उघडले तर ट्रकचं मागचं फळकूट माझ्या काचेत भरलेलं. कसं वळवलं मला माहीत नाही. मागच्यानं हॉर्न दिला तो अजून कानात आहे. गाडी कडेला घेतली, आणि ही पोर टाळ्या वाजवतेय. "आई, परत कर." तिला वाटलं मी खेळ केला.

ही सवय तुमची आहे. मी नऊ वर्षांची असेन, शाळेला सुट्टी, तुमच्याबरोबर टेम्पोत. कसब्यात एका गल्लीच्या तोंडाशी तुम्ही चहा पिताय, मोबाईल माझ्या हातात. फोन वाजला, मी घेतला. मालाची पार्टी म्हणाली, "कुठे आहेत तुझे वडील?" मी म्हटलं, "कसब्यात. चहा पितायत, दुसरा सांगितलाय." तुम्ही चहा तसाच ठेवून आलात. मारलं नाही. टेम्पोत बसल्यावर शांतपणे म्हणालात, "पार्टीला खरं ठिकाण सांगत नसत्यात पोरी. हाय त्याच्या पुढचं सांगायचं. आन मग तिथं पोचायचं. पार्टीला धीर लागतो." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला फोमची उशी आणून दिलीत, सीटवर ठेवायला, म्हणजे काचेतून रस्ता दिसेल. मला वाटलं होतं तुम्ही रागावलाय. उशीवर बसून मी त्या दिवसापासून तुमच्या वतीनं खोटं बोलायला लागले. "अण्णा शिवाजीनगरला आलेत." "अण्णा पुलावर आहेत." तुम्ही हसायचात. मला मोठी झाल्यासारखं वाटायचं.

पण तुम्ही आईला पण तेच सांगायचात, घराजवळच्या वडगाव फाट्याला आलोय म्हणून. आमटी तीन तीनदा गरम व्हायची. आई स्टोव्हपाशी बसून म्हणायची, "तुझ्या बापाचा वडगाव फाटा हडपसरला असतो." आम्ही हसायचो. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या छातीत दुखत होतं. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "जरा बरं वाटत न्हाय, वडगावला आलोय, आलोच." आईला तुमच्या आवाजावरून कळलं. तिनं दादाला सायकलवर पाठवलं. सतरा वर्षांचा होता तो. सिंहगड रोडवर वर-खाली, वर-खाली, प्रत्येक टेम्पोत डोकावत, अंधार पडेपर्यंत. आणि तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरला एका बंद गोडाऊनपुढे स्टिअरिंगवर डोकं ठेवून होतात. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. तुम्हाला तिथं कुठली पार्टी होती, अण्णा? आईच होती ना? तिला धीर कशाला द्यायचा, पत्ता द्यायचा होता. तेरा वर्षं मला हे तुम्हाला विचारायचंय. आईही नंतर गेली, विचारायचं राहूनच गेलं तिचं.

दादाची धायरीतच पिठाची गिरणी आहे. मी गाडी घेतली तेव्हा तो महिनाभर धड बोलला नाही. "अण्णांचं बघितलंस ना? तरी गाडीच?" एवढंच. त्याला चालवता येते, पण तो हात लावत नाही.

इथं पोचले तर गेटवरचा म्हणतो, "ड्रायव्हर कुठंय?" म्हटलं, "मीच." स्टोअरवाला घड्याळ दाखवून म्हणतो, "मॅडम, तुमची दहा मिनिटं बरीच मोठी असतात. आमच्याकडे साठ सेकंदांचं असतं एक." खोका दिला, सही घेतली. मग विचारलं, "लाइन चालू झाली का?" तर तो म्हणतो, "कसली चालू? पार्ट बसवणारे साहेब जेवायला गेलेत." खोका तिथंच टेबलावर पडून. एक तास झाला, अजून तिथंच असेल. त्याच्यासाठी माझी पोर ट्रकखाली जात होती. मला ओरडायचं होतं, पण सही घेतलेला कागद घडी करून मी बाहेर आले.

बुकिंगवाल्याचा मेसेज आला, तळेगावहून काहीतरी उचलायचंय, मग त्याचा फोन वाजला. मी उचलला नाही. त्याच्या आधी दादाला फोन केला होता. ठरवून केला, सांगायचंच म्हणून, ये, मला घेऊन जा. तो म्हणाला, "काय गं? पोरीचा ताप?" मागे गिरणीचा आवाज. आणि मी म्हटलं, "उतरला. घरीच आहोत. सहज केला." फोन ठेवला. परत केला. परत तेच म्हटलं. तो हसला, म्हणाला, "दोनदा सहज?" अण्णा, माझं तोंडच तसं झालंय. लिहिता येतंय, बोलता येत नाही. पोर उठलीये, खटक्याशी खेळतेय. डोळे मिटतायत माझे.

हा कागद तुम्हाला पोचायचा नाही, म्हणून काचेला आतून लावते, लिहिलेली बाजू बाहेर. जो कोणी वाचेल त्यांनी काच वाजवा आणि माझ्या हातातला मोबाईल घ्या. त्यात 'दादा' नाव आहे. त्याला सांगा, तुमची बहीण घरी नाही, चाकणला आहे, पोर तिच्याबरोबर आहे, आणि तिला गाडी चालवता येणार नाही. माझ्याकडे फोन देऊ नका. मी घरीच आहे म्हणेन. तुम्हीच करा.