मखानाच्या पिसवा

३ नोव्हेंबर
पोहोचले बाई एकदाची दरेकशाला! बदलीची ऑर्डर पाहून आई रडली होती, पण इथं तर मजाच आहे. शाळा जवळ, मागे डोंगर, शिवारात धानाची कापणी चालू. घर शेजारच्या सुलोचनाबाईंचं, त्यांचे सासरे गेल्यापासून सालभर बंद असलेलं. मोठी ओसरी, शेणानं सारवलेली भुई. माझं पांढरं कुत्र्याचं पिल्लू मखाना आल्या आल्या भाताच्या तणसात लोळून आलं. सुलोचनाबाई म्हणाल्या, आमच्या घरची रीत हाये, बंद घरात पैल्या राती बकरी बांधा लागते, मंग मानसानं निजावं. घरात बकरी? लेंड्या कोण काढणार? मी साफ नाही म्हटलं. मॅडम कायले नाही म्हणून राहिल्या, असं पुटपुटत त्या तोंड वाकडं करून गेल्या.

७ नोव्हेंबर
मखाना सारखा खाजवतो. आज पोटाखालचे केस बाजूला केले, तर काळ्या पिसवा सैरावैरा पळाल्या. ईऽ! कातडीवर मिरपुडीसारखा चुरा होता, ओल्या कापसानं पुसला तर कापूस लाल. त्याचंच रक्त पिऊन टाकलेली घाण ती! मला चहासुद्धा गेला नाही. घासून घासून आंघोळ घातली, बारीक फणीत अडकलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवल्या. चला, पीडा गेली.

११ नोव्हेंबर
कशाची जाते! पांढरे मोजे घालून खोलीत एक चक्कर मारली, तर मोजे घोट्यापर्यंत काळे. आणि ते काळं हलत होतं. मखानाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्यात. सालेकशाला गुरांचे डॉक्टर आहेत, खुमेंद्र बिसेन. ते रागावलेच. नुसतं कुत्र्याला धुवून काय होते मॅडम, घर धुवा म्हणाले. अंडी भुईच्या फटींत असतात, कोषातल्या तर फवाऱ्यालाही मरत नाहीत. बंद घरात महिनोन्‌महिने पडून राहतात आणि पावलांचा हादरा बसला की उठतात. पिल्लाच्या अंगात रक्त ते किती! लवकर आटोक्यात आल्या नाहीत तर ते वाचणार नाही, असं तोंडावर सांगितलं.

१४ नोव्हेंबर
अंथरुणं उकळली, गादी उन्हात टाकली, कोपरान्‌कोपरा फवारला. झाडलेला कचरा जाळला तर तो मोहरीसारखा तडतडला. पिसवाच त्या! आता कळलं, पहिल्या रात्री बकरी का बांधतात: उठलेल्या पिसवा तिच्या अंगावर जाव्यात म्हणून. शेवटी सुलोचनाबाईंच्या मुलाला, खुशालभाऊंना हात जोडले, आणा बाबा तुमची बकरी. बकरीनं उंबऱ्यावर पाय रोवले. ओढली तर किंचाळायला लागली. खुशालभाऊ म्हणाले, आता नाई जात ते आत. अन् तुमी आमच्या आंगनात येऊ नोका.

१६ नोव्हेंबर
हेडमास्तरांनी सुट्टी घ्यायला सांगितलं. वर्गातली पोरं खाजवून राहिली म्हणे. ताटातल्या भातात एक. डोळ्याच्या कडेला एक, नखानं चिरडली तर टच्चकन फुटली, माझंच रक्त. थू! मखाना दूध घेत नाही. खूप रडले.

१७ नोव्हेंबर
पाय ठेवला की सगळी भुई — शी. आता भिंतीसुद्धा. आज मखाना उभाच राहिला नाही.

१८ नोव्हेंबर
स्टेशनवर. गोंदियाच्या दवाखान्यात त्याला रक्त चढवतील, बिसेन डॉक्टरांनी फोन केलाय. गाडी लेट. मखाना टॉवेलात, माझ्या मांडीवर. बाकावरची माणसं उठून गेली. जाऊ देत. घर तर सुटलं. धीर धर रे बाळा, येईलच गाडी —

पंजे गार. पोट गार. हाक मारली, कान हलला नाही.

टॉवेल हलतोय! मखाना — नाही, तो नाही. त्याचे केस. कानांतून, काखांतून, सगळ्या वर — गार अंग सोडून — माझ्या हातावर, बाहीत, गळ्या