न ऐकता हलवलेली मान

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा मी लाउडस्पीकरवाल्याकडे वायरी गुंडाळत होतो आणि तुम्हाला वाटायचं की हा पोरगा मांडवातच म्हातारा होणार. तसं झालं नाही. हल्ली धंदेवाली माणसं समोरासमोर बसून तासभर बोलतात, ते कुणीतरी नीट रेकॉर्ड करतं आणि लोक ते मोबाइलवर ऐकतात, गाडी चालवताना, सकाळी फिरताना. त्याला पॉडकास्ट म्हणतात. रेडिओच समजा, फक्त मागे रेडिओ केंद्र नाही. तो नीट रेकॉर्ड करणारा माणूस मी. स्टुडिओ असतात, पण ज्याचा फोन दिवसभर वाजतो असा माणूस स्टुडिओच्या पायऱ्या चढायला तयार नसतो. मग मी त्याच्याकडे जातो. त्याचं ऑफिस असेल, घरचा हॉल असेल, गोदामातली पत्र्याची केबिन असेल, ऐकणाऱ्याला कळता कामा नये की हे स्टुडिओत झालेलं नाही. मला हे कुणी शिकवलं नाही. कोर्स केलेली मुलं येतात, महागडा माइक टेबलावर ठेवतात आणि वर पंखा फिरत असतो. मी असा माणूस नाही.

मी खोलीत शिरलो की आधी टाळी वाजवतो आणि तिचा आवाज भिंतीवरून कसा परत येतो ते ऐकतो. काचेचं टेबल असेल तर त्यावर गोधडी अंथरतो. ती आईने शिवलेलीच गोधडी आहे, तुमच्या जुन्या शर्टांचे तुकडे लावलेली. खालच्या अंगाला ती विरली आहे, पण तिच्यासारखा आवाज पिणारा कपडा मला बाजारात मिळाला नाही. एसी बंद, पंखा बंद, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढायचा. फ्रीज बंद करायचा आणि माझ्या स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. लोक हसतात. पण किल्लीशिवाय मला घरी जाता येत नाही, म्हणजे फ्रीज पुन्हा चालू केल्याशिवाय मी त्या घरातून निघूच शकत नाही. आजवर माझ्यामुळे कुणाचं दूध नासलेलं नाही. सगळ्यात शेवटी मी सगळ्यांना गप्प बसवतो आणि नुसती खोली रेकॉर्ड करतो. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो, प्रत्येकीचा वेगळा. पुढे एखादं वाक्य कापलं की त्या जागी हीच शांतता भरावी लागते, नाहीतर कानाला भोक पडल्यासारखं वाटतं. शांतता विकून मी सिल्व्हर पार्कला घर घेतलं, आप्पा. हे तुम्हाला सांगायची फार इच्छा होती.

कारण भाईंदरला आपल्या नवघरच्या खोलीत शांतता नव्हतीच, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता. तुम्ही स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यातून यायचात तेव्हा तोंडावर पॉलिशचा काळा थर, फक्त डोळे आणि दात दिसायचे. आई स्टोव्हपाशी बसलेली. ती तुम्हाला हाक मारत नसे, ताटाची कड जमिनीवर आपटायची. जमीन हादरायची आणि तुम्ही वळून बघायचात. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच घरी जेवायला असंच बोलावतात. पॉलिश करायच्या बफच्या चाकाच्या आवाजाने तुमचे कान नेले होते आणि तुम्ही ते कुणाला सांगितलं नव्हतं. समोरच्याचं तोंड हलायचं थांबलं की तुम्ही हसून मान हलवायचात. बस. गाळ्यातले लोक तुम्हाला 'होयबा' म्हणायचे. 'ए होयबा, तुझी बायको पळाली रे!' असं एकाने म्हटलं होतं, तुम्ही मान हलवलीत, आणि अख्खा गाळा हसला. तो किस्सा तुमच्याच दोस्ताने तुमच्या दिवसकार्याला मला सांगितला. सांगताना तोही हसला आणि मग रडायला लागला.

दुसरा किस्सा मात्र मी स्वतः पाहिलेला आहे. सकाळी तुम्ही डबा घेऊन निघालात आणि लगेच परत आलात. डबा तसाच भरलेला. आईने हातवारे करून विचारलं, काय झालं? मग गाळ्याचा वॉचमनच घरी आला, चांगला माणूस होता. म्हणाला, 'वहिनी, शेठने यांना मागच्या महिन्यातच सांगितलं होतं. नवीन मशीन येतंय, एक तारखेपासून येऊ नकोस, चालेल ना? हे हसून हो म्हणाले. शेठला पण बरं वाटलं, म्हणाला, भला माणूस आहे, कटकट नाही केली.' चालू चाकापाशी उभं राहून शेठ बोलला होता. तुम्ही त्याच्या ओठांकडे बघितलंत आणि नेहमीसारखी मान हलवलीत. स्वतःच्याच पोटावर पाय द्यायला तुम्ही हसत हसत संमती दिलीत आणि महिनाभर त्याचा तुम्हाला पत्ता नव्हता. वॉचमन गेल्यावर आईने तुमचा डबा उघडला आणि तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही जेवलात.

मग तुम्हाला दुसऱ्या, लहान गाळ्यात काम मिळालं. तिथे मी डबा घेऊन यायचो. एकदा तुम्ही मला सांगत होतात की चाकासमोर उभा राहू नको, बाजूला उभा राहा, भांडं सुटलं तर सरळ येतं. माझं लक्ष भलतीकडे होतं, मी मान हलवली. तुम्ही माझी हनुवटी पकडलीत. तुमचा काळा हात अजून लागतो मला तिथे. ओरडलात, कारण तुम्हाला हळू बोलता येतच नव्हतं: 'मान नको हलवू! आयकलंस तर काय आयकलंस ता सांग. नाय आयकलंस तर नाय म्हण. लाज कसली त्यात?' अख्खा गाळा बघत होता. मला राग आला होता. मनात म्हटलं, हे कोण सांगतंय बघा. त्याच दिवाळीला तुम्ही भंगारातून टेपरेकॉर्डर आणलात. झाकण तुटलेलं, बटणं चिकटलेली. मी तो उघडून, पुसून, चालू केला. तुम्ही स्पीकरवर पंजा ठेवून बसलात आणि विचारलंत, 'बरा हाय ना आवाज?' मी म्हटलं, खूप बरा आहे. तुम्ही मान हलवलीत. त्या टेपवर मी सगळं शिकलो. तुमचे कान गेले त्या घरात मी कानावर पोट भरायचं ठरवलं, आणि मला त्याचा माज होता. आहे.

आता खरं सांगायचं ते. गेल्या महिन्यात त्याच भागातल्या एका गाळ्यात काम होतं. भांड्यांचा मोठा कारखाना, तुमच्या शेठचा नव्हे, दुसऱ्याचा. मुलाखत घेणारी एक बाई आहे, बँकेतली नोकरी सोडून तिने हा कार्यक्रम सुरू केलाय. हुशार आहे, भरभर बोलते. मी मुद्दाम सुट्टीचा दिवस धरला होता, मशीन बंद. केबिनमध्ये गोधडी टांगली, एसी बंद केला, फ्रीजमध्ये किल्ली ठेवली. मालक घाम पुसत म्हणाला, 'अरे साहेब, इंटरव्ह्यू आहे की ऑपरेशन?' मी म्हटलं, 'ऑपरेशनच समजा शेठ, हलू नका.' सगळे हसले. माझा दिवस होता तो. मग खोलीची शांतता घ्यायला मी सगळ्यांना गप्प केलं. तिने कानाला हेडफोन लावले होते. थोड्या वेळाने तिने एक कान उघडा केला आणि म्हणाली, 'काका, ती शिट्टी जाईल ना नंतर?'

मी विचारणार होतो, कसली शिट्टी. माझ्याही कानावर हेडफोन होते, तिच्यापेक्षा चांगले. मला खोली ऐकू येत होती, स्वच्छ, गादीसारखी. मी लॅपटॉपच्या स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीनवर आवाजाचं चित्र उमटतं, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. वरच्या बाजूला एक पांढरी रेघ सरळ चालली होती, ताणलेल्या दोऱ्यासारखी. म्हणजे आवाज होता. बराच मोठा होता. मी त्या रेघेकडे बघत होतो आणि माझ्या कानात काही नव्हतं. मालक म्हणाला, 'हां, मेरे को भी आ रहा है, चार्जर का है शायद.' आमच्या तिघांत मालक वयाने सगळ्यात मोठा होता, आप्पा. आणि मी हसलो, मान हलवली, म्हणालो, 'हो, माहितीय मला. काढतो ना.' उठून चार्जर काढला. रेघ गेली. माझ्यासाठी काहीच बदललं नाही.

पुढे मुलाखत रंगली. मालक सांगत होता की त्याच्या वडिलांच्या काळात कामगारांना कानात घालायला कापूस द्यायचे, पण ते घालायचे नाहीत, फेकून द्यायचे. ती म्हणाली, 'का?' तो म्हणाला, 'क्या पता, आदत.' मला राग यायला हवा होता. पण तुम्हीही कापूस काढून टाकायचात, हे मला माहीत आहे. भांडं चाकाला लागल्यावर आवाज चिरकला तर हात मागे घ्यायचा असतो, आणि कापूस घातला तर ते कळत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत. बोटं वाचवायला तुम्ही कान दिलेत. मालकाचं ते वाक्य मी कापलं नाही, कापायचं मला कारण नव्हतं. फक्त त्याच्यापुढे 'आदत' हा शब्द राहिला आणि मी तो शंभर वेळा ऐकला. तो मला स्पष्ट ऐकू येतो.

कान तपासायला गेलो. घरी सांगितलं, माइक दुरुस्तीला देतोय. तिथे एक छोटी खोली असते, आतून स्पंज लावलेली, दाराला दुहेरी रबर. काय खोली होती आप्पा! मी आयुष्यात ज्यांत बसलो त्यांतली सगळ्यात चांगली खोली. आत गेल्या गेल्या मी सवयीने टाळी वाजवली आणि ती हातातच विरली. हातात एक बटण देतात आणि सांगतात, आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. सुरुवातीला सोपं होतं. मग बराच वेळ काही येईना. समोर काचेची छोटी खिडकी होती आणि त्यातून तपासणाऱ्या मुलीचं कोपर दिसत होतं. कोपर हललं की तिने काहीतरी वाजवलं असणार. मी कोपराकडे बघून बटण दाबायला लागलो. कोपर हललं, दाबलं. हललं, दाबलं. मला बरं वाटायला लागलं होतं, खरंच सांगतो. मग दार उघडलं. ती म्हणाली, 'काका, मी आत्ता पाणी प्यायला बाटली उचलली. वाजवलं काहीच नव्हतं.'

मी म्हटलं, चुकून दाबलं गेलं. ती हसली नाही. म्हणाली, 'बरेच जण असं करतात. नाही ऐकू आलं तर नाही दाबायचं, यात कुणी नापास होत नाही.' मग खुर्ची पाठमोरी फिरवली. त्या भिंतीकडे तोंड करून मी बसलो, बटण हातात, आणि कितीतरी वेळ ते दाबायचं कारणच आलं नाही. बाहेर आल्यावर तिने एक उतरती रेघ काढलेला कागद दाखवला. बारीक आवाज गेलेत, उरलेलेही हळूहळू खाली येतायत, गेलेले परत येत नाहीत. विचारलं, 'घरात कुणाला होतं का?' मी म्हटलं, 'वडिलांना. पण त्यांचं कामामुळे.' ती म्हणाली, 'तुमचंही कामामुळेच आहे, काका. एवढी वर्षं मांडवात स्पीकरशेजारी, आणि आता दिवसभर हेडफोन.' कानाचं यंत्र घ्या म्हणाली. पण यंत्राने माणसांचं बोलणं कळतं. रिकाम्या खोलीत काय वाजतंय ते ओळखणं वेगळं, आणि मी तेच विकतो.

गेल्या आठवड्यात त्या बाईचा फोन आला. तो भाग लोकांना फार आवडलाय. तिला आता भाईंदरच्या कारखानदारांची मालिकाच करायची आहे, प्रत्येकाच्या जागी जाऊन. म्हणाली, 'काका, एकच. मला आता प्रत्येक एपिसोड शेवटपर्यंत ऐकायला वेळ नाही मिळणार. तुम्ही फायनल ऐकलंत की मी डोळे मिटून अपलोड करणार. चालेल ना?' चालेल ना. तेच शब्द. तुमच्या शेठला निदान मशीनच्या आवाजाची सबब होती. फोनवर तिचा शब्दन् शब्द कळला मला, आणि मी म्हणालो, 'हो, हो, चालेल.' तेव्हापासून ठरवतोय की तिला सांगायचं. मग वाटतं, रेघ दिसते ना, दिसेल ती खोडू, डोळे शाबूत आहेत. पण माणसाचे 'स' आणि 'श' सुद्धा त्याच उंचीवर असतात. एखाद्या दिवशी मी शिट्टी समजून कुणाच्या तरी बोलण्यातलं काहीतरी खोडून टाकीन, आणि ते मला कळणारसुद्धा नाही. ती डोळे मिटून अपलोड करील.

तुम्ही हनुवटी पकडलीत तेव्हा मला वाटलं होतं, स्वतः करता ते मला का शिकवता. आता वाटतं, शिकवायला तुमच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. पुढच्या शुक्रवारी रेकॉर्डिंग आहे. त्याआधी तिला सांगेन, असं इथे लिहून ठेवतो. हे पत्र कुठे टाकणार, ते तुम्हालाच माहीत. गोधडीच्या घडीत ठेवीन, कामाच्या पिशवीत.

आत्ता आत मिक्सर चालू आहे. ही दारात येऊन काहीतरी विचारून गेली, माझ्याकडे बघून, उत्तराची वाट बघत. मी हसलो आणि मान हलवली. ती परत आत गेली. कशाला हो म्हणालो, मला माहीत नाही.