ताटाची डावी बाजू

प्रिय सुमन,

थप् थप् थप्... तू परातीत भाकरी थापायचीस आणि त्या ठेक्यावर मी शाळेतल्या कविता म्हणायचो. आज इथे दोह्यात, अल सद्द भागातल्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर, तो आवाज अचानक कानात वाजला. म्हणून लिहायला बसलो.

आपली नात ईरा परवा शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त कमी आहे. रक्त कमी! आणि कुणाच्या घरात? जिथला फ्रिज माझ्याहून उंच आहे!

तुझ्या चिरंजीवांचा, निखिलचा, पगार विचारू नकोस, तुलाही भोवळ येईल. सूनबाई केतकीचाही तेवढाच. आणि जेवण? मोटरसायकलवरून खोक्यात येतं. पिवळं, तळलेलं, सगळं एकाच चवीचं. आपण परवडते म्हणून जी नाचणी खायचो, तीच इथे साखरेत लोळून, बिस्किट होऊन, चकचकीत पाकिटात बसली आहे. वर केतकी मलाच सांगते, "बाबा, हे हेल्दी असतं." हो का!

निखिलला म्हटलं, "अरे, पोरीला पालेभाजी द्या." तर म्हणतो, "बाबा, पैशाचा प्रश्न नाहीये हो. बेस्टातल्या बेस्ट गोळ्या आणू. खलास!" गोळ्या घेईलच ती. पण पगार वाढला की जिभेलाही अक्कल येते, असं वाटतं की काय या शहाण्यांना?

आपल्याकडेही महिनाअखेरीस दूध पातळ व्हायचंच. गरिबीचे गोडवे मी गाणार नाही. पण तुझ्या ताटाची डावी बाजू कधी रिकामी नसायची. लिंबाची फोड, कारळ्याची चटणी, कोशिंबीर. खोक्याला डावी बाजूच नसते गं!

इतक्या लवकर का गेलीस? निदान मला रांधायला तरी शिकवून जायचंस! आज मी लाल माठ परतला. थोडा करपला. ईरानं नाक मुरडलं, "आजोबा, इट्स लाइक ग्रास!" तरी चार घास गेले पोटात.

वचन देतो, तिच्या गालांवर रंग येईपर्यंत रोज भाजी मीच करीन. आणि ती खोकी दारातूनच परत पाठवीन, मग चिरंजीव कितीही फुगोत.

तुझाच,
वसंत

ता. क. बेल वाजली. भर दुपारी कोण, म्हणून दार उघडलं, तर केतकी! ऑफिस अर्ध्यावर सोडून आलेली, भिंतीला टेकून उभी. "बाबा, ईराबरोबर मीही रक्त तपासलं होतं. माझं तिच्याहूनही कमी निघालं." मग खाली बघत म्हणाली, "मलाही वाढता?"