पाटावरचा सुटा बोल्ट

वालावल,
खंडेनवमी, १९६३

अहो,

चीनच्या लढाईत तुम्ही बेपत्ता, एवढंच पलटणीने कळवलंय. मग हे पत्र टाकू कुठे? तरी लिहिते.

आज पूजेसाठी मामंजींनी शिकारीची रायफल पुसली, पण गोळी आत सारणारा बोल्ट सुटाच पाटावर ठेवला. म्हणाले, "माका बसवूक जमणा नाय. झील येतलो नि बसवतलो." तुम्हाला, त्यांच्या लेकाला, शिकवलं त्यांनीच! स्वतः डोळे मिटून बसवायचे.

ते देवळात गेल्यावर मी तुम्ही दाखवलेलं करून बघितलं. मागचा तुकडा फडक्यात धरून पिळला, स्प्रिंग ताणली गेली, बोल्ट सुळकन आत बसला. केवढी हरखले!

तेवढ्यात अंगणात त्यांची काठी वाजली. मी घाईघाईने बोल्ट काढला आणि होता तसा पाटावर ठेवला.

तुमचंच काम आहे ते. या आणि करा.

तुमची,
प्रेमलता