मानाग्वात फक्त एकच रात्र

३ डिसेंबर, दुपार
पोचलो. स्टँडसमोर दोन्या सोकोरो नावाच्या बाईंचं हॉटेल. रूमला खिडकी नाही. पंख्याला एकच स्पीड, तोही वादळाचा. चालेल. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. उद्या याओस्काला भेटायचं, तिच्यामागे लागलेल्या त्या एल्मरचा विषय कायमचा मिटवायचा, संध्याकाळच्या बसने तिला घेऊन लेओनला परत. मी कॉलेज सोडलं म्हणून ती चिडली आहे. समोरासमोर सांगितलं की पटेल. फोनवर पटवता येत नाही, कारण ती फोन उचलत नाही.

तीच संध्याकाळ
बाहेर पडताच येईना. मरियामातेचे नऊ दिवस चालू आहेत आणि दोन्या सोकोरोंनी मूर्ती मांडलीय ती नेमकी दाराजवळ. लॉबीभर बायका. दोन्या सोकोरो म्हणाल्या, "कुठे निघालास रे लेओनकर? बस इथे, गा." मी स्पष्ट सांगितलं, मी देव मानत नाही. म्हणाल्या, "मानू नकोस. नुसता गा." तासभर गायलो. उद्यापासून हे चालणार नाही.

४ डिसेंबर
दिवस फुकट. याओस्काच्या घराचा पत्ता: जुन्या थिएटरपासून तळ्याच्या दिशेने दोन चौक. थिएटर भूकंपात पडलं तेव्हा माझी आई पाळण्यात होती! टॅक्सीवाल्याशी कडाक्याचं भांडण. तो म्हणे, "थिएटर पडलं, जागा थोडीच पडली?" तिथेच उतरलो, दार आपटलं. मग उन्हात पायपीट. आमच्या लेओनला पत्ता चर्चवरून सांगतात आणि चर्च जागेवर उभं असतं. राजधानीत राहून याओस्काही बिघडली असणार. सुधारेल.
संध्याकाळी गायलो. नाइलाज.

५ डिसेंबर
हे हॉटेल सोडलं. शेजारच्या रूममधला सेल्समन भिंतीवर ठोकतो. म्हणे, मी झोपेत कुणालातरी धमक्या देतो. झोपेत नव्हतो, तालीम करत होतो. बॅग भरली, दोन्या सोकोरोंना सुनावलं, ताडताड बाहेर पडलो.
सणामुळे सगळी हॉटेलं फुल्ल.
परत आलो. दोन्या सोकोरोंनी हातात खुळखुळा दिला. आता तालही माझ्याकडे.

६ डिसेंबर
प्लॅन सुचला! उद्या आरोळ्यांची संध्याकाळ. कुणीही कुणाच्याही दारात जावं, मूर्तीपुढे गावं, प्रसाद घ्यावा. नाही म्हणता येत नाही. याओस्काच्या आईलाही नाही. घरातलं कुणीतरी ओरडून विचारणार, "एवढा आनंद कुणामुळे?" गर्दी ओरडणार, "मरियामातेमुळे!" आणि त्याच क्षणी माझा आवाज सगळ्यांच्या वर: "याओस्कामुळे!"
मग एल्मरने तोंड उघडलं तर जबडा मोडायचा.
दोन्या सोकोरोंना सांगितलं. म्हणाल्या, "पोरा, त्या वेळी तिच्या हातात प्रसादाचे उसाचे करवे असतील. डोकं सांभाळ." यांना प्रेमातलं काय कळणार? थिएटरचंही विचारलं. म्हणाल्या, "अरे, तिथे टायरचं दुकान आहे. मला आधी नाही का विचारायचं?" आधी विचारायला मी काय लहान आहे?

७ डिसेंबर, दुपारी चार
शर्टाला इस्त्री केली. मन शांत आहे. तीनदा टायरच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. फटाके वाजले की दचकतो, ते फटाक्यांमुळे.

८ डिसेंबर, सकाळ
कालचं लिहायचं नव्हतं.
रांग चौकापर्यंत. सगळ्या म्हाताऱ्या, खांद्याला प्रसादासाठी पोती, कोपर मारण्यात पटाईत. दार आलं. याओस्का समोरच, हिरव्या ड्रेसमध्ये, घामेजलेली, फारच सुंदर. तिच्या आईने विचारलं, एवढा आनंद कुणामुळे? मी छाती भरून श्वास घेतला.
"मरियामातेमुळे!" तोंडून तेच आलं. तेही तालात.
याओस्का दचकली. मग म्हणाली, "नोर्लान! बरा आलास. ही रांग बघ ना कशी अंगावर येतेय. जरा आवर." नंतर आत वळून, "एल्मर, याला टोपल्या दे. हा नोर्लान, आमच्या कॉलेजात होता."
होता.
संपूर्ण संध्याकाळ मी मक्याच्या वड्या वाटल्या. एल्मर शेजारी ऊस. चांगला उंच आहे तो. जबड्यापर्यंत हात पोचला असता, पण हातात टोपली होती. मध्येच मी याओस्काला म्हटलं, मला बोलायचंय. ती म्हणाली, "बोलून झालंय रे आपलं. जूनमध्येच झालं. फक्त तू ऐकलं नव्हतंस." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला भांडता आलं असतं.
टॅक्सी मिळेना, म्हणून एल्मरने मोटरसायकलवरून हॉटेलवर सोडलं. त्याचं हेल्मेट त्याने मला घातलं. वाटेत खड्डे फार. त्याची कंबर धरावी लागली. उतरल्यावर त्याने माझा नंबर घेतला.

८ डिसेंबर, दुपार
लेओनची बस. कॉलेजचं बघू. हा पूर्णपणे माझा स्वतःचा निर्णय आहे.
मेसेज आला! धडपडून फोन काढला, शेजारच्या बाईंच्या मांडीवर पाणी सांडलं. एल्मरचा होता. "भाऊ, पोचलास की कळव. याओस्काला काळजी नाही, मला आहे, तुला ताप वाटत होता."
कपाळाला हात लावून पाहिला. आहे थोडा.