हवेचा दाब आणि ऐंशी पायऱ्या

सोमवार, २४ मार्च. सकाळ.
म्हणे मी आळशी! दादाचं काय जातंय फोनवर बोलायला. आळशी माणूस रोज ऐंशी पायऱ्या चढतो का? कॅन्सरच्या पेशंटना किरणं देणारं मशीन खाली तळघरात आणि हवेचा दाब दाखवणारा बॅरोमीटर वर टेकाडावर, जुन्या इमारतीत, खिळ्याला. काचेवर टिचकी मारायची, सुई बघायची, आकडा वहीत लिहायचा. परवा ९३१. आज ९३१. एवढ्यासाठी ऐंशी पायऱ्या.

डोस मोजायच्या नळीत चिमूटभर हवा असते. दाबाचा आकडा चुकला की डोस चुकीचा दिसतो. म्हणजे अख्खं हॉस्पिटल माझ्यावर चाललंय. कुणाला अजून कळलेलं नाही.

संकल्प: महिनाअखेर कायम होणे. आईला 'झालो' म्हणून सांगून टाकलंय. हे चौथं काम. हेही सुटलं तर दादा म्हणतो, गुपचूप घरी ये.

मंगळवार, २५.
मोजमापवाल्या मॅडम आठवडाभर सुट्टीवर. जाताना म्हणाल्या, आकडा स्वतः वर जाऊन बघायचा. मी म्हटलं, मॅडम, डोळे झाकून विश्वास ठेवा. त्या म्हणाल्या, या कामात तेवढंच करायचं नसतं.

बुधवार, २६. सकाळ.
गुडघा धरलाय. कारण पायऱ्या. फोनमध्ये हवामानाबरोबर दाबही दाखवतात, १०१२. बॅरोमीटर माझ्या जन्माआधीचा, फोन मागच्या वर्षीचा. खरं कोण बोलणार?
मॅडमच्या जागी आलेले नवे सर समुद्रकाठचे. १०१२ बघून म्हणाले, आमच्याकडेही एवढाच असतो. हुशार माणूस.

११ वाजता.
सर म्हणतात, मशीनचा डोस आठ टक्के कमी येतोय. मी म्हटलं, थकलंय बिचारं.

गुरुवार, २७.
नळीच खोटं बोलतेय का ते बघायला सरांनी कपाटात जपून ठेवलेली दुसरी नळी काढली. पेशंटच्या अंगाऐवजी पाण्याची टाकी असते, तीत दोघी शेजारी शेजारी. तीही म्हणते, आठ टक्के कमी. टाकीतलं पाणी तीनदा बदललं. दोघींसाठी दाबाचा आकडा मीच दिला, तोही ताजा बघून. फोनवर.
म्हणजे दोन्ही नळ्या खऱ्या, मशीन खोटं. सरांनी मशीन बंद ठेवलं. बाहेर एकवीस पेशंट. टोपीवाल्या आजोबांच्या पाचच खेपा राहिल्यात. मला म्हणाले, साहेब, काय बिघडलं? (साहेब!) मी सांगितलं, मशीनचं वय झालंय. आजोबा म्हणाले, माझंही झालंय, पण मी आलो ना.

शुक्रवार, २८.
सर म्हणाले, मशीनचा डोस आठ टक्के वाढवू या. मी म्हटलं, वाढवा की. मग त्यांनाच धीर होईना, मॅडमना फोन केला. मॅडम दुपारी सुट्टी मोडून हजर. वही उघडली. १०१२ कडे बघितलं, मग माझ्याकडे.
विचारलं, आपण किती उंचावर आहोत? मी म्हटलं, तळघरात. म्हणाल्या, तुझा फोन समुद्रसपाटीचा दाब दाखवतो, हॉस्पिटल समुद्रापासून सातशे मीटर वर आहे, इथला दाब मुळातच आठ टक्के कमी.
आता हॉस्पिटल एवढं वर मी बांधलं का?
ऐंशी पायऱ्या मला पुढे घालून चढल्या. टिचकी मारली. ९३१. मशीन ठणठणीत, नळ्या ठणठणीत. उतरताना एवढंच म्हणाल्या, सरांनी डोस वाढवला असता तर आजोबांना जास्तीची किरणं गेली असती.
उरलेल्या पायऱ्या मी मोजत उतरलो. गुडघा दुखला नाही.

सोमवार, ३१.
मशीन सुरू. पहिला नंबर आजोबांचा. मला म्हणाले, काय साहेब, तरुण झालं का मशीन?
बॅरोमीटर खाली आणला. ही सुधारणा माझ्यामुळे झाली, वहीत मात्र तसं कुणी लिहिणार नाही. आकडा आता सर स्वतः बघतात. माझ्याकडे टाकी भरणं. कायम करायचं सहा महिन्यांनी बघू म्हणतात, म्हणजे जवळजवळ झालंच. दोन दिवसांचा पगार कापला.
दादाचा फोन. या महिन्यापासून दहा हजार म्हणाला होतास, किती पाठवतोस?
समुद्रसपाटीला दहाच आहेत. इथून नऊ हजार दोनशे.